केकतवाडीत आधी खोट का सांगतात

केकतवाडीच्या फाट्यावरून आत वळले की डाव्या हाताला एक उघडा, खडकाळ माळ लागतो. त्याला चाकमाळ म्हणतात. सावलीला म्हणून एक झाड तिथे नाही. आहे ते सगळे केकताड, म्हणजे आपण ज्याला घायपात म्हणतो ते. जाड, निळसर पाने आणि प्रत्येक पानाच्या टोकाला असा काटा की शेळीसुद्धा दोनदा विचार करते. माळाच्या मधोमध जमिनीत गोल दगडी चर खोदलेला आहे आणि चरात पुरुषभर उंचीचे दगडी चाक उभे आहे. जुन्या काळी चुना मळायला असे घाणे असत आणि बैल ते चाक चरातून फिरवीत. या चाकाला मात्र शेंदूर लावलेला आहे. गाव त्याला घाणाई म्हणते आणि चैत्रात तिची जत्रा भरवते.

जत्रेच्या दिवशी वर्षाची नवी कोरी चाकापुढे मांडतात. कोरी ही केकताडाच्या गड्ड्याची दारू. ती पाण्यासारखी नितळ असते. लाकडाच्या पिपात मुरवायची नाही, मसाला घालायचा नाही, धार पडली तशीच प्यायची. पण पिण्याआधी एक रीत आहे. जिने किंवा ज्याने ती गाळली त्याच्या घरातले सगळ्यात जवळचे माणूस पुढे येते, चाकाला हात लावते, वाटीतून घोट घेते आणि चारचौघांत मोठ्याने खोट सांगते. धुरकट आहे, घाईची आहे, रांजण नीट धुतला नव्हता, जे असेल ते. मग बाकीचे आपापली खोट सांगतात. गाळणारा समोर हात जोडून उभा राहतो आणि चकार शब्द काढत नाही. एका साली गावचा नवा जावई घोट घेऊन म्हणाला, फक्कड आहे. शिवी दिल्यासारखे सगळे त्याच्याकडे बघायला लागले. सासऱ्याने मुकाट्याने वाटी पुन्हा भरून त्याच्या हातात दिली. बिचारा खोट सापडेपर्यंत पीत राहिला आणि संध्याकाळी त्याला उचलून घरी न्यावे लागले.

ही रीत कशी पडली ते गावात कोणीही सांगेल, पण ऐकावे ते म्हाताऱ्या ज्ञानू आबांकडून. चाकाच्या सावलीत बसून ते सांगतात. मध्ये कोणी बोललेले त्यांना खपत नाही, आणि मध्ये कोणी उठलेले तर त्याहून नाही.

फार पूर्वी, असे सांगतात, मागच्या डोंगरावर गड बांधायचे काम चालू होते. तटाला लागणारा चुना याच माळावर मळला जाई. घाणा हाकायचे काम भिवाकडे होते. माणूस अंगाने आडदांड, कामाला वाघ आणि स्वभावाने जरा उतावळा. त्याची बायको ठकू केकताडाची पाने कुटून वाख काढी आणि दोर वळी. पण तिचा खरा लौकिक होता तो जिभेमुळे. चुन्यात तेव्हा गुळाचे पाणी, हिरडा आणि बेलफळ घालीत. त्या पाण्याचा थेंब जिभेच्या शेंड्यावर ठेवून ठकू सांगे, गूळ कमी पडलाय किंवा हिरडा जुना आहे. भिवा कुरकुरे, पण तिने मान हलवल्याशिवाय बैल जुंपत नसे.

एका उन्हाळ्यात माळाला वणवा लागला. पाने जळून गेली आणि जमिनीलगतचे मोठाले गड्डे राखेत भाजून पडले. दुसऱ्या दिवशी घाण्याचा बैल पवळ्या काही केल्या जुंपून घेईना. राखेत तोंड घालून चघळत उभा. भिवाने त्याच्या तोंडचा तुकडा ओढून चाखला तर गूळच, वर थोडा धूर. त्या मुलखात गुळाची दारू गाळणे काही नवे नव्हते. भिवाने चाक धुतले, गड्डे त्याखाली चिरडले, रस पाणी घालून रांजणात आंबवला आणि गाळला. कोरी जन्माला आली ती अशी. आबा म्हणतात, अर्धे श्रेय भिवाचे आणि अर्धे पवळ्याचे, म्हणून जत्रेत पहिला नैवेद्य आजही बैलाला असतो.

कोरी दरसाल होत नसे. केकताड पिकायला दहा-बारा वर्षे घेते. आयुष्यात एकदाच त्याच्या मधोमध उंच दांडा येतो, त्याला फुले येतात आणि झाड मरते. सगळी गोडी त्या दांड्यात निघून जाते. म्हणून दांडा डोके काढू लागला की तेव्हाच गड्डा तोडावा लागतो. लवकर तोडला तर कडू, उशीर झाला तर फोल. माळावरच्या लोकांना हे हळूहळू कळले. कोणाच्या घरी लग्न निघाले की थोडी गाळत आणि आनंदाने पीत. दिवस बरे चालले होते.

मग गड बांधून पुरा झाला. किल्लेदार नागोजीरावांनी घाणा बंद केला आणि सांगणे पाठवले की चाकमाळ आता घोड्यांचे कुरण होणार. केकताड मुळासकट काढायचे, माळावरच्या लोकांनी दुसरीकडे कुठेही जावे. लोकांच्या पायाखालची जमीनच गेली. वस्तीतला सगळ्यात जाणता दौलू म्हातारा गडावर गेला आणि पागोटे किल्लेदाराच्या पायाशी ठेवून विनवू लागला.

नागोजीराव वाईट माणूस नव्हते म्हणे, पण ऐकून घ्यायची सवय मोडलेली होती. ते म्हणाले, "या माळाने आजवर मला काट्यांशिवाय काय दिले? येत्या पुनवेला मी कुरणाच्या हद्दीचे खुंट ठोकायला येतो. तोवर माझ्या मुलखात दुसरीकडे कुठे मिळत नाही अशी एक वस्तू या माळाची दाखवा. मला पटली तर राहा, नाहीतर निघा."

दौलूला एकच वस्तू सुचली. त्याने कोरीची भरली घागर कबूल केली आणि धापा टाकत माळावर परत आला.

आता पंचाईत अशी की पिकलेली केकताडे माळावर मोजकीच उरली होती. तेवढ्यात घागर भरणे कठीण. भिवाने दांडा धरलेली सगळी तोडली, आणि तरी कमी पडेल म्हणून एक जरा कोवळे दिसणारेही तोडले. कोयत्याने पाने छाटून काढली. खड्ड्यात दगड तापवले, वर गड्डे रचले, ओली पाने आणि माती घालून खड्डा बुजवला आणि गड्डे आतून मधासारखे तांबूस होईपर्यंत मुरू दिले. मग चाकाखाली चिरडले, रांजणात घातले. रांजण फसफसला, फसफसून गप्प झाला. मग भट्टी लागली आणि थेंब थेंब धार पडू लागली.

सगळ्या वस्तीचा जीव त्या घागरीत अडकला होता. घागर काठोकाठ भरली तेव्हा बायांनी भिवाची दृष्ट काढली. वाटी हातोहात फिरली. जो चाखेल तो वाखाणू लागला. गोड आहे, कडक आहे, किल्लेदार खूश होईल. दौलूच्या तर डोळ्यांत पाणी आले. भिवाची छाती फुगली होती आणि ती फुगायला हरकतही नव्हती, इतके राबला होता.

ठकू सगळ्यांच्या मागून आली. तिने वाटी उजेडात धरली, हलवली, काठाशी मोत्यांसारखे बुडबुडे धरतात का ते पाहिले. मग थेंब तळव्यावर चोळून हात नाकाशी नेला. आणि तिचा चेहरा उतरला. तिने घोटही घेतला, न चाखता नाव ठेवले असे नको म्हणून. मग वाटी खाली ठेवली.

"पयली धार काडून टाकली न्हाई तुमी," ती नवऱ्याला म्हणाली.

पहिल्या धारेत सगळे जहाल असते. गाळणारे ती फेकून देतात, शेवटची आंबट धारही घेत नाहीत, मधलीच ठेवतात. भिवाला हे ठाऊक नव्हते असे नाही.

"घागर भरायची व्हती," तो म्हणाला.

"भरली खरी. पन ही प्याली तर किल्लेदाराचं कपाळ उठंल. आन तो उठंल तो आपल्याला उठवायलाच."

दौलू मध्ये पडला. "पोरी, आता खोट कशाला काडतीस? सगळ्यास्नी गोड लागली की."

"सगळ्यास्नी भ्या वाटतंय म्हनून गोड लागली, दौलूबाबा."

हे खरे होते, म्हणूनच कोणाला आवडले नाही. कोणी म्हणाले, हिची जीभ फार वळवळते. कोणी म्हणाले, नवऱ्याला चार लोकांत तोंडावर पाडणारी बायको नको रे बाबा. तेव्हा ठकू चाकाजवळ गेली आणि त्यावर हात ठेवून म्हणाली, "ह्या चाकाची आन घेऊन सांगती. ह्या माळाची वस्तू म्या चाखली की जी खोट लागंल ती आदी सांगीन. माझ्या मानसाची असली तरी सांगीन, माझं घर जाईल तरी सांगीन."

भिवा मागे फिरला. जाऊन पवळ्याशेजारी बसला. त्या दिवशी तो जेवला नाही आणि ठकूशी त्याने अबोला धरला. ठकूला फार वाईट वाटले. आपले खरे होते याचे तिला जराही समाधान वाटेना. राबून आलेल्या माणसाला एकट्याला बाजूला घेऊन सांगता आले असते, हे तिला शब्द निघून गेल्यावर सुचले. पण खोट तिने आतल्या आत सांगितली असती म्हणून घागरीतली दारू काही सुधारणार नव्हती.

सकाळी भिवाने न बोलता भट्टी पुन्हा पेटवली. भरलेली घागर मडक्यात ओतली. या खेपेला पहिली धार त्याने सगळ्यांदेखत मातीत सांडली. दौलूने तोंड फिरवले, बघवेना त्याला. पुढची धार पडू लागली तशी भिवा थोड्या थोड्या वेळाने वाटी मागे धरी, ठकूकडे न बघता. ती चाखून मान हलवी. शेवटी तिने मान हलवली नाही, तेव्हा त्याने धार थांबवली. घागर निम्मीच भरली होती.

पुनवेला नागोजीराव आले. बरोबर घोडे होते आणि खुंट घेतलेली माणसे. माळाच्या कडेला खुंट ठोकायला सुरुवातही झाली. एकेक ठोका वस्तीतल्या लोकांच्या काळजात बसत होता. दौलूने घागर पुढे ठेवली.

"अर्धीच?" किल्लेदार म्हणाले.

भिवाने पुढे होऊन खरे ते सांगून टाकले. भरली होती, पण खोट निघाली, म्हणून पुन्हा गाळली. खोट घरच्या माणसाने काढली. नागोजीरावांना हसू आले. त्यांनी वाटीत बघितले आणि हसू आणखी वाढले. त्यांच्या गडावर येणारी दारू केशर, वेलदोडे, जायफळ घातलेली, सोन्यासारखी पिवळी असे.

"हे तर पाणी आहे. यात मसाला कुठे आहे?"

"घालत न्हाई, सरकार," भिवा म्हणाला. "घातला की खोट झाकती."

"म्हणजे हिच्यात खोट नाही?" किल्लेदार म्हणाले. "बोलवा त्या बाईला. तिने आधी चाखावी. ती सांगेल ते ऐकून मग मी चाखीन."

दौलू ठकूकडे असा बघत होता की दगडालाही समजावे. चाकाची आण सगळ्यांनी ऐकली होती, पण आण एकीकडे आणि डोक्यावरचे छप्पर एकीकडे. एक शब्द गोड बोलली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. उलट ओवाळली असती.

ठकूने चाकाला हात लावला आणि घोट घेतला. लगेच गिळला नाही. आधी भाजलेल्या गड्ड्याची गोडी आली, ऊबदार, तोंडभर. मग मिऱ्याची बारीकशी चुणचुण. त्यामागून हिरव्या, नुकत्या कापलेल्या गवताचा वास नाकाकडे चढला. घोट खाली गेला तसा छातीत शेक पसरला, कुठेही ओरखडा नाही. इतकी चांगली कोरी तिने आजवर चाखली नव्हती आणि ती आपल्या नवऱ्याने गाळली आहे याचा तिला अभिमान वाटला. तिथेच थांबली असती तर बरे झाले असते. पण घोट सरल्यावर जिभेच्या बुडाशी काहीतरी राहिले. तो कोवळा गड्डा.

तिने भिवाकडे पाहिले. इतके दिवस तो तिच्याकडे बघत नव्हता. आता बघत होता. तिला काय लागले ते त्याला कळले असावे, कारण तो गड्डा त्यानेच तोडला होता. भिवाने दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली.

"सांग, ठके," तो म्हणाला.

"सरकार," ठकू म्हणाली, "वास चांगला हाय. गोडी खरी हाय. पन सरतीला कडू लागती, हितं, बुडाशी. एक गड्डा कवळा व्हता. त्येला आनखी दोन-तीन वर्सं माळावर ऱ्हाऊ द्यायला पायजे व्हतं. तुमी मुदत दिली पुनवंची. केकताडाला पुनव कळत न्हाई."

संपले सगळे, असे दौलूला वाटले. बाईने नवऱ्याची खोट काढली ती काढली, वर किल्लेदाराचीही काढली.

नागोजीरावांनी वाटी घेतली आणि चाखली. पुन्हा एक घोट घेतला, डोळे मिटून. "कडू आहे," ते म्हणाले. "अगदी ही म्हणते तिथेच आहे." आणि तिसरा घोट घेतला.

असे सांगतात की वाटी खाली ठेवून त्यांनी चाकाकडे पाहिले. मग म्हणाले, "माझ्या गडावर जे पुढे येते ते सगळेच छान असते. तट छान, धान्य छान, मी बोलतो तेही छान. छान ऐकून ऐकून मला कशाची चव लागेनाशी झाली होती. आज लागली." मग ते खुंट ठोकणाऱ्यांकडे वळले. "उपटा ते. या बाईला हवे तसे केकताड पिकेल तेव्हा मी पुन्हा चाखायला येईन. माळावर एक जरी कोवळे उभे असेल तोवर कोणी माळाला हात लावायचा नाही."

किल्लेदारांना शेतीतले फारसे कळत नव्हते, का सगळे कळून ते तसे बोलले, यावर गावात अजून दोन पक्ष आहेत. केकताड मरायच्या आधी बुडाशी पिल्ले सोडते. पिल्ले वाढेपर्यंत त्यांना आणखी पिल्ले होतात. माळावर कोवळे केकताड नाही असा दिवस कधी उगवलाच नाही आणि उगवणारही नाही. माळ कायमचा वस्तीचा झाला. भिवाने त्याच आठवड्यात तोडलेल्या प्रत्येक झाडाची पिल्ले सोडवून ओळीने लावली. ती लावताना ठकू मागून सांगत होती, ओळ वाकडी जातीय. तो हसला आणि अबोला तिथे सुटला.

पुढे भिवा आणि ठकू याच माळावर सुखाने म्हातारे झाले. गड्डे पिकले की भिवा गाळी आणि चैत्रात चाकापुढे वाटी भरून हात जोडून उभा राही. ठकू खोट सांगे. एका वर्षी खड्ड्यात ओले लाकूड घातले म्हणून धुरकट. एका वर्षी रांजणाला घाई केली. एका वर्षी तर चाकाला जुन्या चुन्याचा कण राहिला होता, तोही तिने पकडला. भिवा लोकांना म्हणे, खोट काढल्याबिगर हिला घास गिळत न्हाई. पण तिने सांगितलेली खोट पुढच्या कोरीत पुन्हा कधी सापडली नाही. दुसऱ्या घरांनीही मग आपापल्या वाट्या चाकापुढे आणायला सुरुवात केली. खोट ऐकायला माणूस पाहिजे, हे लोकांना पटत गेले.

ठकूला शेवटी शेवटी दिसेनासे झाले. त्या साली जत्रेला भिवाने तिला हाताला धरून चाकाजवळ आणून बसवले. कोरी त्याने एकट्याने गाळली होती, थरथरत्या हातांनी. वाटी तिच्या हातात दिली, तिचा दुसरा हात चाकावर ठेवला आणि आपण समोर हात जोडून उभा राहिला. गुडघे दुखत होते, तरी उभा राहिला.

ठकूने घोट घेतला. काही बोलली नाही. दुसरा घेतला, त्यानंतरही गप्प. लोक एकमेकांकडे बघू लागले. म्हातारीची जीभ गेली, असे कोणीतरी कुजबुजले. ठकू सावकाश पीत राहिली, वाटीचा तळ लागेपर्यंत.

"सांग की, ठके," भिवा म्हणाला. जन्मभर तिची खोट ऐकलेला माणूस तिच्या न बोलण्याने घाबरला.

ठकूने वाटी चाकापुढे पालथी केली. एक थेंब पडला नाही.

"एकच खोट हाय," ती म्हणाली. "संपली."

भिवाने जोडलेले हात सोडले. त्याला हसायचे होते, पण रडू आले. तो तिच्याशेजारी जाऊन बसला आणि दोघे बराच वेळ तिथेच चाकाला टेकून होते. लोकांनी त्यांना तसेच राहू दिले.

आजही चैत्रात चाकमाळावर वाट्या भरतात, चाकाला हात लागतात आणि मोठमोठ्याने खोट सांगितली जाते. कोणी रागावत नाही. गाळणारे ऐकून घेतात आणि पुढल्या वर्षी खड्ड्याशी, रांजणाशी, धारेशी नव्याने झटतात. पण कधी एखाद्या साली, पुष्कळ वर्षांतून, एखादी बाई घोटामागून घोट घेत गप्प राहते आणि वाटी पालथी करून म्हणते, "संपली." तेव्हा माळावर कोणी टाळ्या वाजवत नाही. गाळणाऱ्याला तिच्याशेजारी बसायला लोक जागा करून देतात.